घरपट्टी (ग्रामीण विदर्भ)

घरपट्टी हा गावातील घरांवर आणि शेतसारा लागू नसलेल्या मोकळ्या जागांवर ग्रामपंचायतीने दरवर्षी बसवायचा कर आहे. विदर्भात बोलताना त्याला 'घरटॅक्स' किंवा नुसता 'टॅक्स' म्हणतात. नळाच्या पाणीपट्टीला 'नळटॅक्स' म्हणतात आणि दोन्ही एकाच पावतीवर येतात. शेतजमिनीवर घरपट्टी नसते. तिचा शेतसारा महसूल खात्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे भरला जातो (२०२४ पासून हे पद 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणून ओळखले जाते). घरपट्टी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या तिजोरीत जाते. तिचा हिशेब ग्रामसेवक ठेवतो. त्याच्या पदाचे नावही आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आहे, पण गावात त्याला अजून 'सचिव' किंवा 'ग्रामसेवक'च म्हणतात.

रकमेच्या मानाने हा कर किरकोळ आहे. साध्या घराला वर्षाकाठी काही शेकडा रुपये येतो. तरीही गावातले निम्मे तंटे ग्रामपंचायतीच्या ज्या वहीपाशी येऊन थांबतात, ती याच कराची वही आहे. त्याचे कारण पुढे, नमुना ८ च्या (म्हणजे कर-आकारणीच्या नोंदवहीच्या) विवेचनात आले आहे.

कायदा आणि पूर्वपीठिका

कराचा आधार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम १२४ आणि त्याखालील कर व फी नियम, १९६० हा आहे. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी तत्कालीन मुंबई राज्यात आला. त्याआधी येथील पंचायती १९४६ च्या मध्यप्रांत व वऱ्हाड पंचायत कायद्याखाली चालत. त्याही मागे प्रदेशाचे दोन भाग दिसतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम हा वऱ्हाड रयतवारीचा होता, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरत. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर आणि आजचे गोंदिया, गडचिरोली हा भाग मुख्यतः मालगुजारीचा होता, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरे. तेथे गावाची आबादी, म्हणजे घरांच्या वस्तीची जागा, मालगुजाराच्या ताब्यात असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, घरे राहणाऱ्यांकडेच राहिली, पण प्रत्येक घराच्या जागेचा स्वतंत्र मालकीचा कागद सगळीकडे तयार झाला नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ती उणीव लोकांनी कराच्या उताऱ्याने भरून काढली.

आकारणी

३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने घरपट्टी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर बसवली जाऊ लागली. सूत्र असे आहे: क्षेत्रफळाला जमिनीच्या वार्षिक मूल्यदराने गुणायचे. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने व घसारा दराने गुणून ती रक्कम पहिलीत मिळवायची. एकूण रकमेला वापराच्या भारांकाने गुणले की भांडवली मूल्य निघते. जमीन आणि बांधकामाचे दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून घेतात. घसारा दर म्हणजे घर जुने होईल तशी त्याची किंमत उतरवणारा गुणक. तो घराच्या वयावर व बांधणीवर ठरतो. राहत्या घराचा भारांक १ असतो, दुकान किंवा कारखान्याचा त्याहून जास्त. त्या मूल्यावर दर हजार रुपयांमागे अमुक पैसे असा कराचा दर असतो. शासनाने घातलेल्या किमान-कमाल मर्यादेत तो ग्रामपंचायत ठराव करून निवडते. कुडाच्या किंवा मातीच्या घराचा दर सर्वांत कमी, विटा-मातीच्या घराचा त्याच्या वर, सिमेंटच्या जुडाईचा त्याहून वर आणि स्लॅबच्या घराचा सर्वांत जास्त असतो.

एक हिशेब करून पाहू. येथील दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट असते. जमिनीचा दर चौरस मीटरला ४०० रुपये, बांधकामाचा १२,००० रुपये, घर नवे म्हणून घसारा १ आणि भारांक १ धरू. जमिनीचे १०,००० आणि बांधकामाचे ३,००,००० मिळून भांडवली मूल्य ३,१०,००० रुपये होते. दर हजारी ७५ पैसे असेल तर वर्षाची घरपट्टी २३२ रुपये ५० पैसे येते.

आता याच हिशेबातली सर्वांत सामान्य चूक पाहा. मोजणाऱ्याने टेपने फूट मोजले, वहीत २६९ लिहिले आणि दर मात्र चौरस मीटरचा लावला. कर २,५०१ रुपये ७० पैसे होतो, म्हणजे पावणेअकरा पट. मागणी अशी अचानक फुगली की आधी क्षेत्रफळाच्या रकान्याचे एकक पाहावे. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. हे गणित दारात उभे राहून होते, त्यासाठी वकील लागत नाही.

दुसरी चूक बांधणीच्या रकान्यात होते. कवेलूचे (कौलारू) किंवा पश्चिम विदर्भातले धाब्याचे (सपाट मातीच्या छताचे) घर पाडून तेथे घरकुल उभे राहते, पण वहीत जुनेच घर चालू राहते. काही वर्षे कर कमी लागतो म्हणून घरवालाही गप्प बसतो. पुढे कर्ज काढायची वेळ आली की उताऱ्यावर मातीचे घर आणि जागेवर विटांचे, असा फरक बँकेच्या तपासणीत निघतो. उलटही घडते: मागच्या बाजूचा कोठा (गुरांचा गोठा), छपरी आणि इंधनाची झोपडी राहत्या घराच्या मापात धरली जाते. मोजणीच्या वेळी घरचे कोणी हजर राहून राहती खोली, कोठा आणि सांदवाडीतील मोकळी जागा वेगवेगळी लिहवून घेणे हाच यावर उपाय आहे, कारण तिन्हींचा दर एक नसतो.

फेरआकारणी दर ४ वर्षांनी होते. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतात, दवंडी देतात किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात, आणि ठरावीक मुदतीत हरकती मागवतात. हरकत लेखी द्यावी आणि तिच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. सरपंचाला पारावर सांगितलेली हरकत नोंदीत येत नाही. ग्रामपंचायतीच्या निर्णयाविरुद्ध अपील पंचायत समितीकडे जाते.

पावतीवर काय असते

ग्रामपंचायतीचे नमुने आकड्यांनी ओळखले जातात. आकारणीची नोंदवही नमुना ८, मागणीची नोंदवही नमुना ९, घरी येणारे मागणीचे बिल ९क आणि पैसे भरल्याची पावती नमुना १०. पावतीत घरपट्टीखाली दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाई कर, सामान्य पाणीपट्टी आणि घरी नळ असेल तर विशेष पाणीपट्टी अशा ओळी येतात. घरात नळ नाही तरी पाणीपट्टी कशी, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. ती सामान्य पाणीपट्टी असते आणि सार्वजनिक पाण्याच्या सोयीपोटी घेतली जाते. विशेष पाणीपट्टी मात्र खासगी नळधारकालाच लागते. बहुतेक गावांत पावतीवरचा मोठा आकडा तिचाच असतो.

पावती हातात पडली की 'मागील बाकी'चा रकाना आधी वाचावा. भरलेले पैसे नमुना १० वर लिहिले गेले, पण नमुना ९ मध्ये चढलेच नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि संगणक आल्यावरही संपलेली नाही. अशा वेळी वाद सोडवते ती मागच्या सालची पावती. कार्बनवरची पावती दोन उन्हाळ्यांत पुसट होते, तेव्हा तिचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेला बरा. ऑनलाइन भरणा केला असेल तरी नमुना १० ची पावती मागून घ्यावी. यूपीआयचा संदेश म्हणजे पैसे गेल्याचा पुरावा, ते कोणत्या घराच्या कोणत्या सालच्या बाकीत जमा झाले याचा नव्हे.

नमुना ८ चे वजन

'आठ नंबर' म्हणून गावभर ओळखला जाणारा उतारा हा मुळात कर कोणाकडून घ्यायचा हे सांगणारा कागद आहे. पण घरकुलाची फाइल, विजेचे मीटर, बँकेचे कर्ज, भावांची वाटणी या सगळ्यांत तो मागतात. परिणामी लोक दिवाबत्तीसाठी कर भरत नाहीत, उताऱ्यासाठी भरतात, असे म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही. थकबाकी असली की उताऱ्याआधी बाकी भरायला सांगितले जाते आणि कित्येक वर्षांची वसुली त्या एका दिवशी होते. नमुना ८ चा उतारा व थकबाकी नसल्याचा दाखला या दोन्ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. तेव्हा रीतसर अर्ज करून पोच घेतली की मुदत मोजता येते.

या उताऱ्याबाबत दोन गैरसमज पक्के बसले आहेत. पहिला नावाचा. तलाठ्याकडचा 'गाव नमुना ८अ' हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा आहे आणि ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' घराचा. बँकेने एक मागितला आणि माणूस दुसरा घेऊन तालुक्याला गेला, असे हेलपाटे रोजचे आहेत. दुसरा गैरसमज महागात पडतो. कराच्या वहीत नाव असले म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. वऱ्हाडातल्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर किंवा पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या (खुरट्या झाडोऱ्याची म्हणून नोंदलेल्या सरकारी) जागेवर बांधलेल्या घरालाही कर लावतात. नमुना ८ मध्ये त्यापुढे 'अतिक्रमण' असा शेरा असतो. तीस वर्षांच्या पावत्या जपल्या तरी त्या शेऱ्याचे मालकीत रूपांतर होत नाही, त्यासाठी नियमानुकूल करण्याची वेगळी प्रक्रिया लागते. गावठाणातल्या रीतसर घरांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून भूमी अभिलेख विभाग मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) तयार करतो. ती मिळाल्यावर तिच्यातले क्षेत्रफळ आणि नमुना ८ मधले क्षेत्रफळ जुळवून पाहावे. पिढ्यान्पिढ्या अंदाजाने लिहिलेली मापे येथेच उघडी पडतात.

घर विकत घेतले, बक्षीस मिळाले किंवा वारसाने आले तर अर्ज, खरेदीखत अथवा मृत्यूचा दाखला व वारसांची संमती जोडून फेरफार मागावा लागतो. तो मासिक सभेत ठेवून मंजूर होतो. आजोबांच्या नावावर कर भरत राहण्याची सवय सर्रास आहे. भावांत सलोखा आहे तोवर तिने काही बिघडत नाही. वाटणीच्या वेळी मात्र तीन मयतांचे दाखले एकदम शोधावे लागतात.

भरण्याचा हंगाम आणि वसुली

कराचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. ३० सप्टेंबरपर्यंत भरल्यास ५ टक्के सूट मिळते, वर्ष उलटल्यावर ५ टक्के दंड लागतो. सूट देण्याची कल्पना चांगली, पण विदर्भाच्या शेतीला ही तारीख गैरसोयीची आहे. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकले जाते, कापसाचा पहिला वेचा साधारण दसऱ्याच्या सुमारास घरी येतो आणि पूर्वेकडचा धान त्याच्याही नंतर. सप्टेंबरात शेतकऱ्याचा पैसा खत-फवारणीत अडकलेला असतो. शिवाय वरच्या उदाहरणातल्या घराची सूट होते ११ रुपये ६२ पैसे. तेवढ्यासाठी कोणी उधारी काढणार नाही. त्यामुळे खरी वसुली जानेवारी ते मार्चमध्ये होते. तेव्हा शिपाई पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो आणि संध्याकाळी, माणसे वावरातून परतल्यावर, पुन्हा येतो.

बिलानंतरही कर न भरल्यास मागणीचा लेख बजावतात, त्यानंतर जंगम मालाची जप्ती करता येते, आणि बाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणेही वसूल करता येते. जप्तीपर्यंत गोष्ट क्वचित जाते. शेजाऱ्याचा टीव्ही उचलायला कोणता सदस्य पुढे होणार? प्रत्यक्षात चालतो तो नळ बंद करण्याचा इशारा, आणि निवडणूक. बिल रीतसर बजावल्यापासून ३ महिन्यांत कर न भरणारा कलम १४ नुसार सदस्यपदाला अपात्र ठरतो. म्हणून उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात जुने थकबाकीदार आपण होऊन रांगेत दिसतात. येथे 'बजावल्यापासून' हा शब्द महत्त्वाचा आहे. बिल दिल्याची सही वहीत नसली तर अपात्रतेची तक्रार टिकणे कठीण.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना २०२० पासून सन्मान योजनेत घरपट्टी माफ आहे, पण एकाच मालमत्तेपुरती आणि अर्ज केल्यावरच. जमा झालेल्या स्वनिधीतून ग्रामपंचायतीने १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात.

वाहनांवरील कर

कलम १२४ च्या यादीत सायकली आणि जनावरांनी ओढायची वाहने यांवरील करही आहे, म्हणजे बंडी, दमणी, रेंगी ही सगळी. मोटारगाड्या त्यात नाहीत. त्यांचा कर राज्याचा परिवहन विभाग १९५८ च्याच मोटार वाहन कर अधिनियमाखाली घेतो आणि तो आरटीओत जमा होतो. खासगी मोटारसायकल व कारचा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरला जातो. दरवर्षी भरतो तो विम्याचा हप्ता असतो, पण बोलण्यात त्यालाही 'गाडीचा टॅक्स' म्हणतात आणि मग विमा संपलेल्या गाडीचा मालक 'टॅक्स भरलेला आहे' असे सांगत राहतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे ती ५-५ वर्षांसाठी वाढवताना तपासणीसोबत पर्यावरण कर भरावा लागतो.

प्रवासी आणि मालवाहू गाड्यांपैकी ज्यांचा कर ठरावीक मुदतीने भरायचा असतो, त्यांच्या मालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडी महिनोन्महिने गॅरेजमध्ये उभी राहणार असेल तर ती वापरात नसल्याची सूचना आरटीओला आधी द्यावी लागते. नंतर सांगितलेले 'गाडी बंदच होती' मान्य होत नाही आणि कर व्याजासह चढतो.

सीमेवरच्या तालुक्यांत आणखी एक अडचण येते. छिंदवाडा, बालाघाट किंवा आदिलाबादकडून स्वस्तात आणलेली जुनी मोटारसायकल एमएच-३५ (गोंदिया) किंवा एमएच-२९ (यवतमाळ) च्या हद्दीत १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल, तर मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला घेऊन येथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा करही वेगळा भरावा लागतो. मूळ राज्यातला उरलेल्या काळाचा कर परत मिळण्यासाठी तेथेच अर्ज करायचा असतो. तो अर्ज गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच सहीने चालतो, म्हणून व्यवहाराच्या दिवशीच विकणाऱ्याच्या सह्या घेऊन ठेवतात.