नॉकआउटची वाट कशाला पाहायची?

मुहम्मद अली अख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत, म्हणजे ६१ लढतींत, एकदाही दहा आकडे मोजून बाद, म्हणजे नॉकआउट, झाला नाही. १९७१ मध्ये जो फ्रेझरच्या डाव्या हूकने, म्हणजे कडेने वळवून मारलेल्या ठोशाने, तो पाठीवर पडला आणि लगेच उठला. १९७३ मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला, तरी गडी शेवटच्या फेरीपर्यंत उभा. २ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्सने ३८ वर्षांच्या अलीला दहा फेऱ्या अक्षरशः बडवून काढलं. तेव्हाही तो कोसळला नाही. त्याच्या कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या प्रशिक्षकाने, अँजेलो डंडीनेच, लढत थांबवली. पुढच्या वर्षी तो आणखी एकदा रिंगमध्ये उतरला आणि गुणांवर हरला. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं.

त्याचा पार्किन्सन बॉक्सिंगमुळेच झाला का, यावर मेंदूतज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. पण ‘वय झालं, नॉकआउट झाला, आता थांबावं’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अलीच्या काही कामाचा नव्हता. तो नॉकआउट झालाच नव्हता. माझ्या मते या सल्ल्याची गोम इथेच आहे. तो चुकीचा नाही, पण फार उशिराचा आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताला बॉक्सिंगचं पहिलं पदक मिळवून देणारा विजेंदर सिंग व्यावसायिक झाल्यावर सलग १२ लढती जिंकला होता. मार्च २०२१ मध्ये पणजीत, एका कॅसिनो जहाजाच्या छतावर, रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत थांबवलं. विजेंदर तेव्हा ३५ वर्षांचा होता. पुण्यातही तेव्हा ‘आता बास’ आणि ‘एका पराभवाने काय होतंय’ असे दोन तट पडले. क्रिकेटइतका नसला तरी या शहरात बॉक्सिंगचा चांगला राबता आहे. लष्कराचं गाव, मुंढवा रस्त्यावर आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेलं बालेवाडीचं संकुल, आणि गल्लीबोळांतल्या हॉलमध्ये शिकवणारे सेवानिवृत्त फौजी. विजेंदर पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला परतला आणि दुसऱ्याच फेरीत जिंकला. ‘एका पराभवाने काय होतंय’ म्हणणाऱ्यांची कॉलर ताठ झाली. पण एका विजयाने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ते मिळवायचं तर आधी कवटीच्या आत डोकावावं लागतं.

साधारण १.३ ते १.४ किलोचा हा मऊ अवयव द्रवात तरंगत असतो. ठोसा समोरून कपाळावर बसला तर डोकं मागे जातं, पण फारसं वळत नाही. तोच हूक हनुवटीच्या कडेला बसला की जबडा तरफेसारखा काम करतो आणि डोकं मानेवर गर्रकन फिरतं. कवटी फिरते, थांबते. आतला ऐवज मात्र जरा मागे राहून मग वळतो. नीट लागलेल्या दह्याचं भांडं झटक्यात फिरवून थांबवलं तर दह्यात ज्या चिरा पडतात, साधारण तशी ओढाताण मेंदूच्या लांब तंतूंमध्ये होते. मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा असा पीळ जास्त बाधतो. ऑलिंपिक दर्जाच्या बॉक्सरांचे ठोसे मोजून पाहणाऱ्या २००५ च्या एका अभ्यासात ठोशाचं सरासरी बल सुमारे ३,४०० न्यूटन भरलं. म्हणजे क्षणभरासाठी जवळपास साडेतीनशे किलोचा भार, आणि मुठीचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर.

हा पीळ मेंदूच्या मुळाशी, जागं ठेवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचला की माणूस जमिनीवर पडण्याआधीच बेशुद्ध झालेला असतो. अशा वेळी कधी कधी एक हात ताठ होऊन हवेतच राहतो. ते पाहिल्यावर जाणता रेफरी आकडे मोजत बसत नाही, थेट डॉक्टरला हाक मारतो.

पुढचं नाट्य पेशींच्या आत चालतं आणि ते दिसत नाही. ताणल्या गेलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. ही घडी पुन्हा बसवायला पेशींना भरमसाट ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. मागणी वाढली आणि पुरवठा घटला, ही ओढगस्त काही दिवस, कधी काही आठवडे चालते. या काळात बसलेला दुसरा मार पहिल्यापेक्षा हलका असला तरी जास्त नुकसान करतो. म्हणून आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगच्या वैद्यकीय नियमांत डोक्याच्या मारामुळे हरलेल्याला किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती असे. तीन महिन्यांत दोनदा तसं झालं तर तीन महिने आणि वर्षात तीनदा झालं तर वर्षभर. या मुदतीत स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढतही, बंद. तरी स्पारिंग करणारे बहाद्दर निघतातच, ही गोष्ट वेगळी.

इथे एक फरक करायला हवा, जो नोंदवहीत दिसत नाही. यकृतावर बसलेल्या ठोशानेही नॉकआउट होतो. सप्टेंबर २००४ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर डे ला होयाला असाच खाली बसवला. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं ऐकू येतं, फक्त पाय उचलत नाहीत. मानहानी तीच, पण मेंदूचं काही बिघडत नाही. म्हणजे ‘नॉकआउटने हरला’ एवढ्या दोन शब्दांवरून कुणाला घरी बसवायचं हे ठरवता येणार नाही.

मग वयाचं काय? साधी प्रतिक्रिया, म्हणजे दिवा लागला की बटण दाबणं, यात निरोगी माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. विशीच्या मध्यापासून हा वेळ हळूहळू वाढतो, पण वाढ मिलिसेकंदांत मोजण्याइतकीच. खरी अडचण निराळी आहे. निघालेला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, याच्या आतच तोंडावर येऊन आदळतो. ठोसा पाहून कुणीच वाचत नाही. वाचतो तो आधी समोरच्याचा खांदा, कंबर, पुढच्या पायावर पडणारा भार वाचून. हे वाचन म्हणजे मेंदूचं काम, वर्षानुवर्षं घोटलेलं. मेंदूच्या याच वेगावर वय आणि आधी खाल्लेला मार दोन्ही बाजूंनी घाला घालतात. जो ठोसा येतोय हे आधी कळलं, त्याच्यासाठी मान आवळली जाते आणि डोकं कमी फिरतं. न दिसलेला ठोसा सैल मानेवर बसतो. ‘याची हनुवटी गेली’ असं हॉलमधले लोक म्हणतात, त्यात हनुवटीचा दोष थोडाच असतो.

आणि ताकद? ती सगळ्यात शेवटी जाते. जॉर्ज फोरमनने नोव्हेंबर १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, आपल्याहून १९ वर्षांनी लहान मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवं करून जगज्जेतेपद परत मिळवलं. ही गोष्ट प्रत्येक चाळिशीतल्या बॉक्सरला पाठ असते. त्या क्षणापर्यंत फोरमन तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता आणि ठोसे खात होता, हे सहसा कुणी सांगत नाही. शिवाय मध्ये १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं त्याने रिंगचं तोंड पाहिलं नव्हतं. सरावाच्या बॅगवर आजही धाडधाड आवाज निघतो म्हणून आपण तरुण आहोत असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. बॅग उलटा ठोसा मारत नाही.

कॅम्पातल्या एका हॉलमध्ये संध्याकाळच्या सरावाला मी उभा होतो. पस्तिशी ओलांडलेला एक गडी सरांच्या पॅडवर कॉम्बिनेशन मारत होता. घाम, वेग, आवाज, सगळं जिथल्या तिथे. सरांनी पॅड खाली घेतले.

“सर, फिट आहे मी. बघा ना.”

“फिट आहेस रे. जॅब टाकल्यावर हात कुठून परत येतोय ते बघ.”

पुन्हा बघितलं तेव्हा मलाही दिसलं. त्याचा डावा हात सरळ गालाच्या हाडाशी परतत नव्हता. वाटेत वीतभर खाली झुकून मग वर येत होता, आणि तेवढा वेळ जबडा उघडा राहत होता. त्याला स्वतःला याचा पत्ताच नव्हता. सर नंतर चहा घेताना म्हणाले की कुणाला थांबवायचं याची पहिली खबर त्यांना हॉलमध्ये मिळतच नाही, ती घरून येते. “सर, हे हल्ली एकच गोष्ट दोनदा विचारतात,” असा फोन आला की ते त्या माणसाला स्पारिंगमधून काढतात आणि डॉक्टरकडे पाठवतात. एमआरआय नंतर, आधी बायकोचं म्हणणं.

हे वैद्यकशास्त्राला धरूनच आहे. नॉकआउटनंतर काढलेला सीटी स्कॅन रक्तस्राव झाला आहे का, एवढं पटकन सांगतो. तो बघायलाच हवा, कारण रिंगमधल्या मृत्यूंचं मोठं कारण म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साचणारं रक्त. १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी १४ फेऱ्या लढलेला कोरियाचा किम डुक-कू असाच चार दिवसांत गेला, आणि त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती १५ वरून १२ फेऱ्यांवर आल्या. वय वाढतं तसा मेंदू किंचित आकसतो, कवटीशी जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि अशा रक्तस्रावाचा धोका वाढतो; चाळिशीत ही घट थोडीच असते, पण ठोसे खाल्लेल्या मेंदूत ती वयाच्या पुढे धावू शकते. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे तंतू शाबूत आहेत असा अर्थ मात्र होत नाही. साध्या स्कॅनमध्ये तंतूंची ओढाताण बहुधा दिसतच नाही.

दीर्घकालीन नुकसानाची कहाणी जुनी आहे. अमेरिकेतले विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच झोकांड्या खाणाऱ्या, बोबड्या बोलणाऱ्या बॉक्सरांवर निबंध लिहिला. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये २२४ माजी व्यावसायिक बॉक्सर तपासले गेले. त्यांतल्या सुमारे १७ टक्क्यांत मेंदूच्या इजेची लक्षणं होती, आणि कारकीर्द जितकी लांब तितकी ती जास्त. डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे होणाऱ्या या आजाराला आज सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) म्हणतात. टाऊ नावाचं प्रथिन मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जातं. त्याचं पक्कं निदान अजून तरी मृत्यूनंतरच होतं. अपोई-४ हा जनुकाचा प्रकार असलेल्या आणि भरपूर लढती खेळलेल्या बॉक्सरांची अवस्था जास्त वाईट असते, असं १९९७ च्या एका अभ्यासात दिसलं, पण त्यात फक्त ३० बॉक्सर होते.

या सगळ्यात नॉकआउटपेक्षा महत्त्वाचा ठरतो तो एकूण साचलेला मार. लास व्हेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ पासून शेकडो व्यावसायिक लढवय्यांचा पाठपुरावा केला. लढण्याची वर्षं वाढतात तसे मेंदूच्या आतल्या भागातले थॅलॅमस आणि कॉडेट हे भाग लहान होत जातात आणि विचारांचा वेग मंदावतो, असं त्यांना आढळलं. आता हिशोब करा. लढती वर्षाला दोन-चार. स्पारिंग आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं. बहुतेक मार कोणत्याही नोंदीशिवाय, सराव म्हणून खाल्लेला असतो. हेडगार्डने भुवई फुटत नाही, पण डोक्याचं फिरणं तो थांबवू शकत नाही. २०१३ पासून पुरुषांच्या अव्वल हौशी स्पर्धांतून तो काढूनच टाकला गेला.

म्हणून मला विचाराल तर प्रश्न ‘नॉकआउट झाला का’ असा विचारूच नये. तो कसा झाला, हे विचारावं. मॅनी पॅकियाओ डिसेंबर २०१२ मध्ये मार्केझच्या उजव्या ठोशावर तोंडघशी पडला तेव्हा तो लढतीत चांगला भरात होता; झेप घेताना सापडला. त्याने जवळपास वर्षभर विश्रांती घेतली, परत आला आणि २०१९ मध्ये ४० व्या वर्षी कीथ थर्मनला हरवलं. उलट रॉय जोन्स पाहा. ज्याला कुणी नीट स्पर्श करू शकत नव्हतं, तो ३५ व्या वर्षी, मे २००४ मध्ये, टार्व्हरच्या एका ठोशाने पडला. लोक म्हणाले, नशीब. चारच महिन्यांत ग्लेन जॉन्सनने त्याला बेशुद्ध केलं. जोन्स तरी थांबला नाही. २०१५ मध्ये मॉस्कोत, ४६ व्या वर्षी, पुन्हा तोंडावर पडला. पूर्वी जे ठोसे त्याला निघण्याआधी दिसायचे ते आता बसल्यावर कळत होते. पस्तिशीपुढचा बॉक्सर असा पडला तर त्याने थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे ठरवायला त्याला एकट्याला सांगू नये, कारण ज्या अवयवाने निर्णय घ्यायचा तोच अवयव मार खाऊन आलेला असतो.

थांबण्याचा फायदाही मोजता येतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्याच गटाला असं दिसलं की लढणं सोडलेल्यांची शाब्दिक स्मृती आणि विचारांचा वेग काही वर्षांत थोडा सुधारतो, आणि तुटलेल्या तंतूंमधून रक्तात झिरपणाऱ्या न्यूरोफिलामेंट या प्रथिनाचं प्रमाणही खाली येतं. लढत राहिलेल्यांत अशी सुधारणा आढळली नाही. गेलेलं सगळं परत येत नाही, पण गळती कमी होते.

मग लोक थांबत का नाहीत? हट्ट असतोच, पण त्याहून मोठं कारण पैसा. जो लुईसवर अमेरिकी आयकर खात्याची प्रचंड थकबाकी होती. ३७ व्या वर्षी तो रॉकी मार्सियानोसमोर उभा राहिला आणि आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकला गेला. आपल्याकडे लष्कर, रेल्वे, पोलीस यांच्या खेळाडू कोट्यातला बॉक्सर हातमोजे टांगून ठेवतो तेव्हा त्याचा पगार सुरू राहतो. हॉलचं भाडं स्वतः भरून, लढतीमागे मिळणाऱ्या मानधनावर घर चालवणाऱ्याचं तसं नसतं. त्याला डॉक्टरांनी ‘थांब’ म्हटलं, तर पुढच्या महिन्याचं काय हे त्याला आधी विचारावं लागतं.