धुळीच्या भिंतीखालची जमीन

कोरियाच्या 'सामगुक सागी' या जुन्या इतिहासग्रंथात इ. स. १७४ सालच्या नोंदीत आकाशातून माती बरसल्याचं लिहिलेलं आहे. चिनी दरबारी नोंदींतही असा मातीचा पाऊस पुन्हा पुन्हा भेटतो. वस्तीवर धूळ येऊन आदळणं माणसाला इतकं जुनं ठाऊक आहे. ती उठते का, कुठून उठते आणि तिच्यात सापडलेल्याचा जीव नेमका कशाने जातो, हे मात्र गेल्या शंभर वर्षांत, एकेका वादळाची किंमत मोजून कळत गेलं.

सुरुवात सुदानच्या खार्टूमपासून करावी लागते. तिथे उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहते आणि बघता बघता शहर गिळते. अरबीत तिला 'हबूब' म्हणतात. वारा वाहणे या अर्थाच्या धातूवरून आलेला हा शब्द. १९२५ साली एल. जे. सटन या हवामानशास्त्रज्ञाने या हबूबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खार्टूमला वर्षाकाठी सरासरी २४ हबूब येतात, हा आजही दिला जाणारा आकडा त्याचाच.

हबूब वाळवंटात जन्मत नाही, तो ढगात जन्मतो. गडगडाटी ढगातून पाऊस सुटतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की बरेच थेंब जमिनीला लागण्याआधीच आटतात. आटताना ते हवेतली उष्णता ओढून घेतात. गार झालेली हवा जड होऊन खाली कोसळते आणि फरशीवर बादली उपडी करावी तशी चहूकडे पसरते. या पसरणाऱ्या गार हवेचं तोंड फुगीर असतं, ते जमीन खरवडत पुढे सरकतं आणि उचललेली माती आतल्या आत वर फिरवत राहतं. आपल्याला दिसते ती भिंत म्हणजे हे तोंड. म्हणूनच ती येण्याआधी वारा बहुधा वादळाच्या दिशेने वाहत असतो, मग थोडा वेळ पडतो आणि एकदम उलटा फिरून अंगावर येतो. हवा अचानक गार लागली की भिंत पोचली म्हणून समजावं.

हा प्रकार सुदानपुरता नाही हे शास्त्रीय लिखाणात ठसायला १९७२ साल उजाडलं. आदल्या वर्षी, १६ जुलै १९७१ रोजी, ॲरिझोनात आलेल्या वादळाचं वर्णन शेरवुड इड्सो आणि सहकाऱ्यांनी 'अमेरिकन हबूब' या नावाने छापलं. त्याच राज्यातल्या फिनिक्स शहरावर ५ जुलै २०११ रोजी आलेली भिंत आता अभ्यासाचा नमुना मानली जाते. शहरावर पोचली तेव्हा तिची उंची पाच ते सहा हजार फूट होती, रुंदी जवळजवळ १०० मैल, आणि तिने किमान १५० मैलांचा प्रवास केला.

दुसरा प्रकार वेगळा ओळखायला हवा, कारण त्याची वागणूक आणि त्याची पूर्वसूचना दोन्ही वेगळ्या. त्यात ढग नसतो. शेकडो किलोमीटर लांबीची थंड हवेची आघाडी दुष्काळी प्रदेशावरून जाते आणि वाटेतली माती उचलून दूरच्या शहरावर नेऊन टाकते. ८ फेब्रुवारी १९८३ रोजी मेलबर्नवर असंच झालं. भिंत फक्त ३२० मीटर उंच होती, पण ५०० किलोमीटर लांब. सुमारे ५०,००० टन माती उचलली गेल्याचा अंदाज आहे, त्यातली हजारेक टन शहरावर पडली. २३ सप्टेंबर २००९ ला सिडनीची सकाळ नारिंगी-लाल उजाडली, ती मध्य ऑस्ट्रेलियातल्या लेक आयर खोऱ्याच्या आणि वाटेतल्या कोरड्या शेतांच्या मातीने. हबूब काही मिनिटांपासून दोन-तीन तासांत सरतो; आघाडीचं वादळ दिवसभर रेंगाळू शकतं.

पण वारा दोन्हीकडे सारखाच जोरात असूनही एका प्रदेशात धूळ उठते आणि शेजारच्या प्रदेशात उठत नाही, ते का? माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. लष्करी अभियंता राल्फ बॅगनॉल्डने इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात हिंडल्यावर इंग्लंडमध्ये वातबोगद्यात वाळूवर प्रयोग केले आणि १९४१ साली ते पुस्तकरूपाने मांडले. त्यातून दिसलं की वारा धूळ सहसा थेट उचलत नाही. सगळ्यांत सहज सुटणारे कण साधारण ०.१ मिलिमीटरचे, म्हणजे बारीक वाळूचे. त्याहून बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात. वाळूचे कण वाऱ्याने उड्या मारू लागतात, गुडघ्या-कमरेइतके वर जातात आणि खाली येताना जमिनीवर गोळीसारखे आदळतात. त्या माऱ्याने चिकटलेली बारीक धूळ सुटते आणि मग ती किलोमीटरभर उंच जाते. म्हणजे वादळाला तीन गोष्टी लागतात: जोराचा वारा, मारा करणारे वाळूचे सुटे कण आणि उघडी, कोरडी, भुसभुशीत जमीन. यातली पहिली माणसाच्या हातात नाही. तिसरी बऱ्याचदा असते.

याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेच्या दक्षिण मैदानांत मिळाला. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले तेव्हा टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, कोलोरॅडो इथली लाखो एकर गवताळ जमीन नांगराखाली आली. ट्रॅक्टरमागे एकेरी तव्यांचा नांगर लावला की काम झपाट्याने व्हायचं, पण तो ढेकळं फोडून मातीचं पीठ करायचा आणि धसकटं गाडून टाकायचा. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती अशी मोकळी झाली. मग भाव कोसळले, कित्येक शेतं पेरणीविना पडून राहिली, आणि १९३१ पासून पाऊस गेला. मे १९३४ मध्ये उत्तरेकडच्या मैदानांची धूळ न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर पोचली, अटलांटिकमधल्या जहाजांच्या डेकवरही पडली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी दुपारी आलेली काळी भिंत 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत रॉबर्ट गायगर या वार्ताहराने वापरलेले 'डस्ट बाउल' हे शब्द त्या सबंध काळाचं नाव झाले.

घरात काय होत होतं ते पाहिलं की या धुळीचा बारीकपणा कळतो. दारं-खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायच्या, वर ओल्या चादरी टांगायच्या, तरी सकाळी उशीवर डोक्याचा ठसा तेवढा स्वच्छ आणि भोवती मातीचा थर. जेवायला बसताना ताटल्या आणि पेले टेबलावर पालथे ठेवायचे. अन्न वाढायच्या क्षणी उलटे करायचे. कोरड्या कणांच्या घर्षणाने हवेत इतका विद्युतभार साठायचा की तारेच्या कुंपणावर ठिणग्या दिसत, मोटारींचं इग्निशन बंद पडे. म्हणून गाडीमागे जमिनीला टेकणारी साखळी ओढत नेत, भार जमिनीत उतरावा म्हणून. लोक हस्तांदोलन टाळत, कारण झटका बसे.

ब्लॅक संडेनंतर तेरा दिवसांनी, २७ एप्रिल १९३५ रोजी, अमेरिकेत मृदासंधारणाचा कायदा झाला. ह्यू हॅमंड बेनेट हे त्यामागचे मुख्य मृदाशास्त्रज्ञ. त्यानंतर शेतावर जे उपाय उतरले ते दिखाऊ नव्हते, पण नेमके होते. धूळ उडू लागलेल्या शेतात वाऱ्याच्या आडव्या दिशेने खोल सरी काढायच्या, म्हणजे खालची ओलसर ढेकळं वर येतात आणि उड्या मारणारे कण सरीत अडकतात. हा आणीबाणीचा इलाज. एखाद-दुसऱ्या पावसाने ढेकळं विरघळली की पुन्हा करावा लागतो. हलकी वाळू असेल तर ढेकूळ धरतच नाही आणि उपाय फसतो. टिकाऊ उपाय म्हणजे धसकटं गाडायची नाहीत. जमिनीचा सुमारे ३० टक्के भाग जरी पिकाच्या अवशेषांनी झाकलेला राहिला तरी वाऱ्याने होणारी धूप ढोबळमानाने दोन तृतीयांशांहून जास्त घटते. झाडांच्या रांगाही लावल्या गेल्या; १९३४ ते १९४२ या काळात सुमारे २२ कोटी झाडं. रांगेचा चांगला आडोसा तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मिळतो, म्हणजे १० मीटरच्या झाडांमागे १०० मीटर. रांग भिंतीसारखी घट्ट असली तर वारा तिच्यावरून उडी घेऊन मागे भोवरे करतो, म्हणून थोडी विरळ रांगच चांगली.

एवढं कळूनही चूक थांबली नाही, याचं वाईट वाटतं. १९५४ पासून सोव्हिएत संघाने कझाकस्तानातली पडीक गवताळ जमीन अशीच नांगरली आणि १९६० च्या दशकात तिथेही काळी वादळं आली. शोर्तांदीच्या संशोधन केंद्रात अलेक्सांद्र बारायेव यांनी माती न उलथवता, धसकटं वरच ठेवणारी मशागत रुजवली तेव्हा कुठे आवर बसला. पाणी काढून घेतलेल्या तळ्यांचीही तीच गत. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स तळ्याचं पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिसकडे वळवलं गेलं. तळं आटलं आणि त्याचा खारट तळ धुळीचं मोठं उगमस्थान झाला. २००० नंतर तिथे उथळ पाणी पसरवणं, खारं गवत लावणं आणि खडी अंथरणं सुरू झालं, म्हणजे काढून नेलेल्या पाण्यातलं काही पुन्हा तिथेच ओतावं लागलं. मध्य आशियातल्या आरल समुद्र या सरोवराच्या कोरड्या तळावरचे धुळीचे लोट तर १९७५ साली अंतराळातून दिसले होते.

वादळाच्या आत सापडलेल्या माणसाकडे वळू. भिंतीची उंची डोळ्यांत भरते, पण जीव घेते ती तिच्या आतली आंधळी काही मिनिटं. हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरखाली गेली की धुळीचं वादळ म्हणतात. प्रत्यक्षात ती दोन-तीन मीटरवरही येते. २९ नोव्हेंबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगाजवळ इंटरस्टेट ५ महामार्गावर पडीक शेतांवरून उठलेल्या धुळीत १०४ वाहनं एकमेकांवर आदळली आणि १७ जण गेले. अशा अपघातांतून ॲरिझोनाच्या परिवहन विभागाने जी शिस्त घालून दिली ती नीट समजून घ्यावी. धूळ समोर दिसली तर तिच्यात शिरू नये. शिरलोच तर मागचं-पुढचं पाहून वेग कमी करावा आणि गाडी डांबरी पट्ट्यापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी. मग सगळे दिवे बंद करावेत, धोक्याचे लुकलुकणारे दिवेसुद्धा. हॅंडब्रेक ओढावा, पाय ब्रेकवरून काढावा, म्हणजे मागचा लाल दिवा लागणार नाही. पट्टा बांधून आतच बसावं. दिवे बंद करणं मनाला पटत नाही, पण कारण साधं आहे: काहीच न दिसणारा मागचा चालक पुढच्या लाल दिव्यालाच रस्ता समजतो आणि त्याच्या रोखाने येऊन धडकतो. बहुतेक जण चुकतात ते इथेच.

पायी असलेल्याचा धोका वेगळा. ५ मे १९९३ रोजी वायव्य चीनमध्ये, कान्सू आणि शेजारच्या प्रांतांत आलेल्या काळ्या वादळात ८५ जण दगावले. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलंही होती. दिसत नसताना चालत राहिलं तर कालवा, खड्डा, रस्ता काहीच कळत नाही. म्हणून जिथे असू तिथे आडोशाला, पाठ वाऱ्याकडे करून, नाक-तोंड झाकून बसावं. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शंभरहून जास्त बळी गेले, ते मुख्यतः कोसळलेल्या घरांखाली, भिंतींखाली आणि झाडांखाली. तिथे मारेकरी धूळ नव्हती, वारा होता. कच्च्या भिंतीचा, पत्र्याच्या छपराचा किंवा जुन्या झाडाचा आडोसा हा आडोसा नव्हे.

मग श्वास. १९३५ मध्ये कॅन्ससमध्ये 'डस्ट न्यूमोनिया'चे इतके रुग्ण आले की रेड क्रॉसने तात्पुरती रुग्णालयं उघडली. इराकमध्ये मे २०२२ मधल्या एका वादळात एका दिवसात पाच हजारांवर लोकांना श्वासाच्या त्रासासाठी उपचार घ्यावे लागले. ओलं फडकं जाड कण अडवतं, पण फुप्फुसात खोल उतरणाऱ्या कणांसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ मास्कच हवा. दाढीमुळे किंवा सैल पट्ट्यामुळे फट राहिली तर तोही निकामी. धुळीबरोबर जंतूही येतात: डिसेंबर १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ उठलेल्या वादळाने 'व्हॅली फीव्हर' या फुप्फुसाच्या आजाराच्या बुरशीचे बीजाणू शेकडो किलोमीटर दूरच्या सॅक्रामेंटोपर्यंत नेले. वादळ सरल्यावर कोरड्या झाडूने झाडलं तर हेच कण पुन्हा हवेत जातात. ओल्या फडक्यानेच पुसावं, आणि घरभर हवा खेळवण्याआधी वातानुकूलन यंत्राची जाळी धुवावी.

जागतिक हवामान संघटनेने २००७ साली वाळू-धुळीच्या वादळांसाठी इशारा यंत्रणा उभारायला घेतली. उपग्रह आणि संगणकावरच्या हवामान प्रारूपांमुळे आघाडीच्या वादळाची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. हबूबचं तसं नाही. ढग कोसळेपर्यंत तो नसतोच, आणि नंतर रडारवर एक बारीक रेघ म्हणून दिसतो. लांबच्या रडारचा किरण पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून फिनिक्स आणि टूसॉनच्या मधल्या इंटरस्टेट १० वर दहा मैलांच्या पट्ट्यात रस्त्याकडेलाच धूळ ओळखणारे संवेदक बसवले आहेत. हवा गढूळ होऊ लागली की पाट्यांवरची वेगमर्यादा ताशी ७५ मैलांवरून ३५ पर्यंत उतरते.

तरी १ मे २०२३ रोजी इलिनॉयमध्ये, वाळवंटाचा मागमूस नसलेल्या मक्याच्या प्रदेशात, इंटरस्टेट ५५ वर ७२ वाहनं धुळीत एकमेकांवर आदळली. गडगडाटी ढग नव्हता, ऊन होतं, वारा मात्र जोराचा होता. महामार्गालगतची शेतं पेरणीसाठी नुकतीच तयार केलेली होती.