छोट्या विमानांच्या मागोवा-यंत्रांसाठी अनुदान

विमानाने आपला ठावठिकाणा स्वतःहून कळवत राहावा यासाठी त्यात ‘एडीएस-बी’ यंत्र बसवणाऱ्या मालकाला मिळणारी सरकारी मदत. हे यंत्र उपग्रहांवरून आपले स्थान ठरवते आणि साधारण दर सेकंदाला स्थान, उंची, वेग व ओळख रेडिओवरून पाठवते. संदेश नियंत्रण कक्षाला मिळतो, आसपासच्या विमानांना मिळू शकतो आणि साधा रिसीव्हर बाळगणाऱ्या कुणालाही. गोव्यात बोगमाळोच्या किनाऱ्यावर बसून दाबोळीला उतरणारे विमान मोबाइलवर दिसते ते त्यामुळेच. दाबोळी हा नौदलाचा ‘हंसा’ तळ. तिथली लढाऊ विमाने मात्र कानठळ्या बसवत डोक्यावरून गेली तरी त्या पडद्यावर सहसा उमटत नाहीत.

प्रवासी विमानाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. जुन्या चार आसनी सेस्ना विमानाच्या मालकाला तो झोंबतो. शिवाय यंत्र एकाने बसवायचे आणि टक्कर दोघांची टळायची. अनुदानाचे खरे समर्थन इथेच आहे.

अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत हे यंत्र सक्तीचे केले. मालक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतील आणि कार्यशाळांत रांगा लागतील, ही धास्ती होती. म्हणून सप्टेंबर २०१६ मध्ये एका इंजिनाच्या छोट्या विमानांसाठी ५०० डॉलरची सवलत सुरू झाली, एकूण २०,००० विमानांपुरती. वर्षभरात निम्म्याच्या आसपास रक्कम पडूनच राहिली, तेव्हा २०१८ मध्ये योजना पुन्हा उघडावी लागली. बिल दाखवून पैसे मिळत नसत. आधी नाव नोंदवायचे, यंत्र बसवायचे, मग ठरलेल्या हवाई क्षेत्रात किमान अर्धा तास उडून दाखवायचे; संदेश नीट पोचल्याचा अहवाल आला की दावा करायचा. आपल्याकडच्या अनेक अनुदानांना हा एवढा नियम लावला तरी पुष्कळ.

ब्रिटनने २०२० मध्ये निम्मी किंमत, कमाल २५० पौंड, देऊ केली. तीही कॉकपिटच्या काचेला चिकटवता येणाऱ्या सुट्या यंत्रांसकट. ऑस्ट्रेलियाची २०२२ ची योजना निम्म्या खर्चाची, पण मर्यादा ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची.

गोव्याला ओळखीचे उदाहरण समुद्रात आहे. मासेमारी नौकांसाठी इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारे-घेणारे यंत्र, फुकट बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला झाला: किनारी राज्यांतील एक लाख नौका, सुमारे ३६० कोटी रुपये. मोबाइलचे नेटवर्क सुटल्यावरही त्यावरून वादळाचा इशारा येतो आणि नौकेवरून निरोप धाडता येतो.

कुरकुरही सारखीच. मासळी लागली ती जागा दुसऱ्याला कळू नये, असे मालीम काय नि कुटबण काय, गोव्यातल्या या मासेमारी धक्क्यांवरच्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या म्होरक्याला, वाटणारच. अमेरिकेतील वैमानिकांची तक्रार अशी की सुरक्षेसाठी म्हणून बसवलेल्या यंत्राच्या नोंदी पाहून काही विमानतळ त्यांना उतरण्याच्या शुल्काची बिले धाडतात.