डहाणूचा किनारा आणि नाशिकची जुनी वाट

सुट्टी लागली की नाशिकची कितीतरी कुटुंबं आता डहाणू, बोर्डी, केळवे या बाजूला फ्लॅट किंवा वाडीतलं घर भाड्याने घेतात. जव्हारमार्गे गाडी काढली की सकाळी निघून दुपारच्या जेवणाला समुद्र गाठता येतो. घरात ऊन-वारा भरपूर, स्वयंपाकघर हाताशी, मुलं वाळूत रमलेली. बहुतेकांची सुट्टी तिथेच संपते आणि शेजारची गावं पाहायची राहून जातात. ती गावं नाशिककराने तरी टाळू नयेत, असं मला मनापासून वाटतं. कारण या किनाऱ्याची सर्वांत जुनी हकीकत आपल्याच गावात, पांडवलेण्यांच्या भिंतीवर कोरलेली आहे.

लेणं क्रमांक १० हे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने खोदवलं. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही गोष्ट. ओसरीतल्या लेखात त्याने आपली दानं सांगितली आहेत. भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक इथे प्रवाशांसाठी चौसोपी निवासस्थानं बांधली, विहिरी आणि तळी खोदली, बागा लावल्या. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं गंगापूर-गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा. त्यापुढे सहा नद्यांची नावं येतात: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर बसायला सभा व पाण्यासाठी प्रपा, म्हणजे पाणपोया, उभारल्या. पारदा ही पार, दमणा ही दमणगंगा आणि दाहनुका ही डहाणूची खाडी. डहाणूचा इतका जुना उल्लेख नाशिकच्या डोंगरात असावा, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

लेखात नारळही आहेत. नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडं त्याने दान दिली आणि ज्यांना ती मिळाली त्यांत गोवर्धन आणि शूर्पारक इथले संन्यासी होते. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात चिखलपद्र गावच्या ८,००० झाडांचं दान आहे. किनाऱ्यावरच्या वाडीचं उत्पन्न घाटमाथ्यावरच्या लोकांच्या पोटापाण्याला लावण्याचा व्यवहार तेव्हाही चालत होता.

यात नद्यांचा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण या किनाऱ्याचं सगळं जगणं त्यावर उभं आहे. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते. दमणगंगा दिंडोरी तालुक्यात उगवते, पार सुरगाण्याच्या बाजूची. गोदावरी पूर्वेला गेली, पण नाशिक जिल्ह्याचा पश्चिम उतार आपलं पाणी याच किनाऱ्याला देतो. समुद्राजवळ आल्यावर या नद्यांच्या रुंद खाड्या होतात. भरतीला पाणी आत घुसतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो. किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला दर काही कोसांवर थांबावं लागे. सोपाऱ्याहून भडोचला जाणाऱ्या व्यापाऱ्याचा माल नावेच्या भाड्यात आणि खोळंब्यात अडकू नये, ही राज्यकर्त्याची गरज होती. उषवदाताने त्यात पुण्य पाहिलं आणि सोयही पाहिली.

या व्यापारासाठीच लढाया झाल्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, त्याचा पुरावाही नाशिक जिल्ह्यातलाच आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सोपाऱ्याला १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळवला. आज स्टेशनच्या गर्दीतून तिथे जाताना बंदराची कल्पना करणं अवघड जातं, पण जावं.

डहाणूच्या दक्षिणेला चिंचणी आहे. तिथे सापडलेल्या ताम्रपटांतला एक शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संयान, म्हणजे संजाण, मंडलाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे असल्याचं सांगितलं आहे. ताजिक म्हणजे अरब. या माणसाने दोन प्रवाहांवर फुकट नाव सुरू केली आणि भात, कालवण, तूप मिळेल असं अन्नछत्र उघडलं. उषवदातानंतर आठशे वर्षांनी, दुसऱ्या राजवटीत, दुसऱ्या धर्माच्या माणसाने तीच दोन कामं केली. खाडी बदलली नव्हती, वाटसरूची गरजही तीच होती. पाहुण्याला पलीकडे पोचवणं आणि खाऊ घालणं हा या किनाऱ्याचा सर्वांत जुना सार्वजनिक व्यवहार म्हणावा लागेल.

संजाण पारशी समाजाच्या आगमनाच्या कथेतलं बंदर. पुढे संकटाच्या काळात त्यांनी पवित्र अग्नी बोर्डी-घोलवडजवळच्या बारडा डोंगरावरच्या बाहरोट गुहेत जपला. आज तो गुजरातमध्ये उदवाड्याला आहे, १७४२ पासून.

घाटावरून खाली उतरणारी वाट त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा अशी. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. १६६४ च्या सुरत मोहिमेत शिवाजी महाराज याच भागातून गेले आणि जव्हारला त्यांचं स्वागत झालं, अशी जव्हारजवळच्या शिरपामाळची आठवण जव्हारकर आजही सांगतात.

पोर्तुगीजांचा काळ मात्र दगडात दिसतो. १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली, १५५९ मध्ये दमण. मधल्या पट्ट्यात केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची आणि चौक्यांची साखळी उभी राहिली. केळव्याच्या सुरूच्या बनात फिरताना वाळूत अर्धा बुडालेला बुरूज दिसतो, तो याच साखळीतला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत हा सगळा पट्टा मराठ्यांकडे आला. तारापूरच्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई घेतली. त्या विजयाची खूण म्हणून ओळखली जाणारी घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या दर्शनी भिंतीत टांगलेली आहे. मंदिर १७४७ चं, घंटेवरचं साल १७२१. गोदावरीला पूर आला की पाणी या घंटेपर्यंत चढलं का, असं आपण विचारतो. ती ओतली गेली तेव्हा ती चर्चची घंटा होती.

१८६० च्या दशकात बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने खाड्यांवर पूल टाकले आणि होड्यांची मक्तेदारी संपली. डहाणू रोड स्टेशन मूळ गावापासून दूर पडलं. बाजार आणि नवी वस्ती स्टेशनभोवती वाढली, जुनं डहाणू किल्ल्याजवळ, खाडीकाठी राहिलं. नाशिकला मात्र या लाईनचा थेट उपयोग झाला नाही. १८६५ मध्ये थळ घाटाची रेल्वे झाली आणि आपला समुद्र म्हणजे मुंबई, असं ठरून गेलं. जव्हारची वाट मागे पडली ती तेव्हापासून, असं माझं मत आहे.

चिकू त्यानंतरचा. मूळ मध्य अमेरिकेतलं हे झाड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घोलवड परिसरात रुजलं आणि इराणी-पारशी बागायतदारांनी त्याच्या वाड्या वाढवल्या. पाहुण्यांना खोल्या द्यायची इथली रीतही याच वाड्यांमधून वाढली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाड्यांत राबणारे हात बरेचसे वारली समाजाचे, आणि १९४५ मध्ये तलासरी-डहाणू भागात वेठबिगारीविरुद्ध उभा राहिलेला त्यांचा लढा सांगितल्याशिवाय हिरवाईचं कौतुक अपुरं आहे. त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अंगणवाडीची कल्पना तिथे घडली. बोर्डीहून कोसबाड जवळ आहे, मुलांना घेऊन जरूर जावं.

आता हा पट्टा एवढा हिरवा कसा राहिला, ते. दक्षिणेला तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, बोईसरला कारखाने आहेत, उत्तरेला वापी. मधलं डहाणू वाचलं ते लोकांनी झगडून मिळवलेल्या संरक्षणामुळे. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राच्या वादानंतर जून १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा घातली. त्याच वर्षी किनारपट्टी नियमनाचीही अधिसूचना आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. डहाणूजवळच्या वाढवण इथल्या मोठ्या बंदराचा प्रस्ताव या प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला, २०२३ मध्ये मात्र परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंदराची पायाभरणी झाली. प्रकल्प ७६,००० कोटींहून मोठा आहे.

वाढवण, वरोर, धाकटी डहाणू, चिंचणी ही मांगेला आणि इतर मच्छीमारांची गावं. इथे बोंबील वाळतात, घराघरांत दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, घडवण्याचं बारीक काम चालतं. बंदरासाठी समुद्रात भराव टाकला की मासेमारीची हद्द आणि प्रवाह दोन्ही बदलतील, म्हणून या गावांचा विरोध वर्षानुवर्षं टिकून आहे. तो मला रास्त वाटतो. नाशिकचा त्यात संबंध असा की बंदराजवळच्या तवा या गावापासून इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत, समृद्धी महामार्गाला जोडणाऱ्या मालवाहू रस्त्याला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. आपल्या घाटातून डहाणूकडे पुन्हा व्यापारी वाट निघते आहे आणि तिच्या टोकाला ही गावं आहेत. सुट्टीतला एक दिवस वरोर-चिंचणीच्या रस्त्यावर घालवावा, आणि वाळत घातलेल्या बोंबलांजवळ जे भेटतील त्यांच्याशी बोलावं.