सहीचा बॉल घेताय? आधी हे वाचा

नमस्कार मंडळी! आमच्या एडिसनच्या दुकानात हल्ली बरेच मराठी लोक येतात, पोरं इथेच न्यू जर्सीत वाढलेली, रविवारी घरात अमेरिकन फुटबॉल चालू, मग वाढदिवसाला जो मोंटाना नाहीतर वॉल्टर पेटन अशा जुन्या गाजलेल्या खेळाडूच्या सहीचं काहीतरी द्यायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो, "सर्टिफिकेट आहे ना हो?"

सर्टिफिकेट काय, कोणीही छापतं. एफबीआयने ऑक्टोबर १९९९ मध्ये "ऑपरेशन बुलपेन" नावाने खोट्या सह्या विकणाऱ्या टोळीवर धाडी टाकल्या, तेव्हा ती टोळी खोट्या सह्यांसोबत सर्टिफिकेटंही बनवत होती. म्हणून आमच्या लेटरहेडवरचं आम्ही देतच नाही. पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांचा स्टिकर असलेलाच माल ठेवतो. स्टिकरवरचा नंबर काउंटरवर उभं राहूनच त्यांच्या साइटवर टाका आणि वर्णन हातातल्या वस्तूशी जुळतं का बघा, खऱ्याचा नंबर खोट्यावर चिकटवणारे महाभागही आहेत. "विटनेस्ड" असेल तर सही होताना त्यांचा माणूस हजर होता, ते सगळ्यात बेस्ट, पण जुन्या खेळाडूंचं तसं कुठून मिळणार!

तिथे तारखा बघायच्या. एक काका जुने खेळाडू जिम थॉर्प यांच्या सहीचा फोटो घेऊन आले, काळ्या शार्पी मार्करने ठसठशीत सही. थॉर्प गेले १९५३ ला, शार्पी पेन आलं १९६४ ला. काकांचा चेहरा बघवेना, चहा पाजला. पेटनचंही तसंच, ते हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गज खेळाडूंचा सन्मान, थोडक्यात एचओएफ) गेले १९९३ ला आणि वारले नोव्हेंबर १९९९ ला, म्हणजे खाली "एचओएफ ९३" लिहिलेली सही मधल्या त्या सहाएक वर्षांतलीच हवी, हेल्मेट किंवा जर्सीचा टॅग नंतरचा निघाला की खेळ खलास.

घरी नेल्यावर ऊन लागू देऊ नका. आम्ही स्वतः नवीन असताना हौसेने एक जर्सी दुकानाच्या खिडकीत टांगली होती, दोन उन्हाळ्यांत निळी सही इतकी फिकटली की आता ती जर्सी आमचा भाचा घालतो. यूव्हीवाली अ‍ॅक्रिलिक केस घ्या, फोटो लॅमिनेट तर अजिबात करू नका, आणि बॉलमध्ये खेळायचा असल्यासारखी ठासून हवा भरू नका, लेदर ताणलं की शाईला चिरा जातात.

पीएसए, जेएसए, बेकेट या तिघांपैकी कोणीही नंतर सही नापास केली तर वस्तू आणि बिल घेऊन या, पूर्ण पैसे परत. बिलाचा फोटो मात्र आजच काढून ठेवा, थर्मल कागदावरचं सगळं वर्षभरात पुसट होतं.