राष्ट्रीय कर्ज

राष्ट्रीय कर्ज : सरकारने खर्च भागवण्यासाठी उचललेल्या आणि अजून न फेडलेल्या कर्जांची एकूण रक्कम. यालाच सार्वजनिक कर्ज असेही म्हणतात. एका वर्षात उत्पन्नापेक्षा खर्च जितका जास्त, ती त्या वर्षाची राजकोषीय तूट. वर्षानुवर्षे साचत गेलेल्या तुटी म्हणजे कर्ज. या दोहोंची गल्लत फार वेळा होते. तूट निम्म्यावर आली तरी कर्ज वाढतच असते, फक्त आधीपेक्षा सावकाश.

पूर्वी कर्ज राजाचे असे आणि राजाने ते बुडवले तर दाद मागायला जागा नसे. १६९४ मध्ये फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यमला पैसा हवा होता. नव्याने स्थापन झालेल्या बँक ऑफ इंग्लंडने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने दिले, आणि व्याजाच्या हमीसाठी संसदेने जहाजांवरील व मद्यावरील कर बांधून दिले. राजाचे कर्ज असे राज्याचे झाले. माणूस मरतो, निवृत्त होतो, म्हणून त्याला हयातीत कर्ज फेडावे लागते. राज्याला तशी मुदत नसते; मुदत संपलेले रोखे (ठरलेल्या व्याजाने कर्ज घेतल्याची सरकारी कर्जपत्रे) ते नवे रोखे विकून फेडते. ब्रिटनने १७५१ पासून काढलेल्या ‘कन्सॉल’ रोख्यांना तर परतफेडीची तारीखच नव्हती. त्यांतले शेवटचे २०१५ मध्ये फेडले गेले. घरखर्चाचा हिशेब देशाला जसाच्या तसा लावणे म्हणूनच फसवे ठरते.

कर्ज पेलेल की नाही, हे रकमेवरून कळत नाही. ते सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात निर्माण झालेल्या वस्तू व सेवांच्या एकूण मूल्याच्या) किती टक्के आहे, हे पाहावे लागते. समजा, उत्पादन १०० आणि कर्ज ६० आहे. व्याज ४ टक्के आणि उत्पादनाची वाढ ७ टक्के (दोन्ही महागाई धरून) असेल, तर व्याजासाठीही कर्जच काढले तरी वर्षअखेर कर्ज ६२.४ आणि उत्पादन १०७ होते; प्रमाण ५८.३ टक्क्यांवर उतरते. याउलट व्याज ९ आणि वाढ ३ टक्के असेल, तर एकही जादा पैसा खर्च न करता तेच प्रमाण ६३.५ टक्क्यांवर जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनचे कर्ज उत्पादनाच्या सुमारे २५० टक्के होते. तीन दशकांत ते ५० टक्क्यांच्या आसपास आले. त्यात काटकसरीइतकाच वाढीचा आणि महागाईचाही हात होता. महागाईने सुटलेले ओझे रोखेधारकांच्या बचतीवर पडले, हेही विसरता कामा नये.

कर्ज कोणत्या चलनात आहे, हा प्रश्न तितकाच निर्णायक. जपानचे कर्ज उत्पादनाच्या २०० टक्क्यांहून अधिक आहे, पण ते येनमध्ये आणि बहुतांशी देशातल्याच मध्यवर्ती बँकेकडे, इतर बँकांकडे व विमा कंपन्यांकडे आहे. श्रीलंकेचे प्रमाण याहून बरेच कमी असूनही डॉलरची गंगाजळी आटल्यावर एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवली. डॉलर छापता येत नाहीत, ते कमवावे लागतात. लोकांनी इंधनासाठी दिवसच्या दिवस रांगा लावल्या.

धोक्याची पहिली खूण रोखेबाजारात दिसते. १०० दर्शनी किमतीच्या आणि वर्षाला ५ व्याज देणाऱ्या रोख्याचा भाव ८० वर घसरला, तर घेणाऱ्याला ६.२५ टक्के परतावा मिळतो. सरकारला पुढचे कर्जही मग साधारण त्याच दराने काढावे लागते आणि शाळा-रुग्णालयांच्या आधी व्याज भरावे लागते.

अशा वेळी खर्च छाटणे हा सरळ उपाय वाटतो, पण मंदीत तो उलटतो. ग्रीसने २०१० नंतर कठोर कपात केली. अर्थव्यवस्था जवळपास चतुर्थांशाने आक्रसली आणि २०१२ मध्ये खासगी धनकोंची मोठी रक्कम माफ करून घेऊनही कर्जाचे प्रमाण चढेच राहिले. कपातीने उत्पादन किती घटेल याचा अंदाज कमी धरला गेला होता, असे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनीच २०१३ मध्ये मांडले. कपातीची खरी वेळ भरभराटीची असते, आणि नेमकी तेव्हाच ती कुणाला नको असते.

अधिकृत आकड्यात सगळे कर्ज मावत नाही. निवृत्तिवेतनाची वचने आणि बँकांना दिलेल्या हमी त्याच्या बाहेर राहतात. २००७ मध्ये आयर्लंडचे कर्ज उत्पादनाच्या जेमतेम २४ टक्के होते आणि त्याची गणना युरोपातल्या शिस्तशीर देशांत होई. पुढच्या वर्षी सरकारने बुडत्या बँकांची हमी घेतली. बँकांचा तोटा आणि मंदीत आटलेला महसूल मिळून २०१२ पर्यंत ते कर्ज १२० टक्क्यांच्या घरात पोहोचले होते.