हवा भरपूर, तरी किटण

रेक्झिन आणि वायरींची आवरणं मऊ ठेवणारी बरीच रसायनं थॅलिक ॲनहायड्राइडपासून बनतात. आपल्या तळोज्यातही ते तयार होतं. ऑर्थो-झायलीनची वाफ गरम हवेत मिसळून हजारो अरुंद नळ्यांमधून सोडतात. नळ्यांत उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ म्हणून टायटॅनियम डायऑक्साइडवर पसरलेलं व्हॅनेडियम ऑक्साइड असतं आणि तापमान साधारण 350 ते 400 अंश सेल्सिअस.

झायलीनच्या एका रेणूला या अभिक्रियेत ऑक्सिजनचे 3 रेणू पुरतात. हवेत वाफ 1 टक्का असली, तर वाट्याला येतात वीसेक. म्हणजे तुटवडा मुळीच नाही. तरीही अशा ऑक्साइडांवर काळपट, सेंद्रिय थर धरतो. कढईच्या कडेला जुन्या तेलाचं किटण धरतं, तसा.

याचं उत्तर मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलन यांनी 1954 मध्ये मांडलेल्या यंत्रणेत सापडतं, आणि मला ती फार देखणी वाटते. हायड्रोकार्बनला, म्हणजे इथे झायलीनला, लागणारा ऑक्सिजन थेट हवेतून मिळतच नाही. तो ऑक्साइडच्या स्फटिकातून उचलला जातो आणि पडलेला खड्डा हवा मागाहून भरते. भरणी रेंगाळली, की अर्धवट ऑक्सिडीकृत रेणू पृष्ठभागाला चिकटून बसतात. झायलीनच्याच जातीच्या टोल्युइनच्या प्रयोगांत अवरक्त किरणांनी पाहिलं, तर असे बेंझोएटसारखे गट स्पष्ट ओळखू येतात. शेजारशेजारचे रेणू मग हायड्रोजन गमावत एकमेकांना जोडले जातात, कड्या वाढत जातात, आणि उत्प्रेरकाच्या कामाच्या जागा झाकल्या जातात. तापमान कमी असेल तर हे पाहुणे हलतच नाहीत.

किटण गरम हवेत जाळून काढता येतं. निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजला, की किती कार्बन साचला होता तेही कळतं. पण जाळताना उष्णता आवरावी लागते. टायटॅनियम डायऑक्साइडचं ॲनाटेज हे स्फटिकरूप अतितापमानात रुटाइल या दुसऱ्या रूपात बदलतं, व्हॅनेडियम त्या बदलाला आणखी घाई करतं, आणि आक्रसलेलं पृष्ठफळ पुन्हा मिळत नाही. किटणाहून हे नुकसान मोठं.

एका ठिकाणी मात्र हाच थर कामाला येतो. ऑक्सिजनच्या मदतीने इथिलबेंझीनपासून स्टायरीन करताना ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडवर) काळा थर बसतो, आणि त्या थराच्या कडांवरचे ऑक्सिजनयुक्त गटच इथिलबेंझीनचा हायड्रोजन काढून घेतात. तिथे ॲल्युमिना उरतो नुसता आधारापुरता. उत्प्रेरक म्हणजे ते किटणच.